सात आणि आठ नंबरच्या लायनी

मागच्या महिन्यात आमच्या घरी नेटची तार टाकायला एक माणूस आला होता. चाळिशीचा असेल, गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा धरलेला. त्याने भिंतीच्या कडेने निळी तार ओढली, टोक सोललं, आणि आतून आठ बारीक तारा बाहेर काढल्या. केशरी, हिरवी, निळी, तपकिरी, आणि प्रत्येकीबरोबर तिच्याच रंगाच्या पट्ट्याची एक पांढरी. दोन-दोन तारा एकमेकींना पिळलेल्या. मी खुर्ची ओढून जवळ बसलो.

"काका, समजते का तुमाले हे?" त्याने विचारलं.

"थोडंफार."

"मंग सांगा, पीळ काहून देते?"

"शेजारच्या जोडीचा आवाज आपल्या जोडीत येऊ नये म्हणून."

त्याने मान वर केली. "बरोबर हाये. तुमी कोन्या लायनीतले?"

मी उलट विचारलं, हे मशीन कसलं. त्याने हातातलं मशीन दाखवलं. म्हणाला, स्वस्तातल्या मशीनवर नुसते दिवे लागतात. तार या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचली की दिवा लागला. पण एका जोडीतली तार दुसऱ्या जोडीतल्या तारेशी लग्न लावून बसली असेल तर ते दिव्याला कळत नाही. "आठच्या आठ दिवे लागते, अन् लोक म्हणते, झालं काम. हे महागाचं हाये. हे पकडते." मला पटावं म्हणून त्याने मुद्दाम दोन्ही टोकांना त्याच दोन तारांची अदलाबदल करून टोकं बसवली. पडद्यावर लगेच उमटलं की जोडी फुटलेली आहे.

मी पाहत राहिलो. सुनेने चहा आणून ठेवला तो तसाच गार झाला. जे त्या यंत्राने क्षणात सांगितलं ते मला ठाऊक असूनही मी चाळीसहून जास्त वर्षं सांगितलं नव्हतं. मी सांगितलं नाही म्हणून एका बाईची नोकरी गेली आणि नावही गेलं. ते सगळं इथे लिहितो आहे.

सत्तरच्या दशकाचा उत्तरार्ध. कोराडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक खाजगी कारखाना होता, आता तो नाही. मागे साहेबलोकांचे बंगले आणि कामगारांचे क्वार्टर. उन्हाळ्यात वारा सुटला की वाळत घातलेल्या कपड्यांवर वीजकेंद्राच्या राखेचा थर बसायचा. कारखान्याचं स्वतःचं टेलिफोनचं बोर्ड होतं, पन्नास लायनींचं. आपण फोन उचलला की बोर्डावर आपल्या नंबरचा दिवा लागायचा, मग ऑपरेटर दोरी खुपसून विचारायची, कोण पाहिजे. हे बोर्ड आणि त्याच्या सगळ्या तारा माझ्या ताब्यात होत्या. माझं वय अठ्ठावीस. प्रोबेशनवर होतो, सुपरवायझर म्हणून कायम व्हायला चार महिने राहिले होते. कायम झालो की क्वार्टर मिळणार होतं, आणि बायको गरोदर होती.

ऑपरेटर बाई खापा गावच्या. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठ्या. नवऱ्याने टाकलेल्या, म्हणून भावाच्या घरी राहत आणि रोज एसटीने येत. त्यांच्या नोकरीमुळेच त्या घरात त्यांना मान होता, हे त्या स्वतःच हसून सांगत. "जोवर बोर्ड, तोवर ताटात तूप." बोर्डाला एक खटका होता. तो खाली दाबला की ऑपरेटरला बोलणं ऐकू यायचं, वर केला की नाही. दोघांची गाठ घालून दिली की बाई खटका वर करत आणि क्रोशाची सुई हातात घेत. आमचा खलाशी, म्हणजे तारांच्या कामातला माझा मदतनीस, पन्नाशीचा, वाह्यात बोलणारा माणूस. तो त्यांना डिवचायचा.

"बाई, सांगा न, साहेब घरी फोन करून कोणती भाजी सांगते?"

"कालचीच."

"म्हणजे आयकता तुमी."

"आयकाले कायले पाह्यजे गा? डबा येते न दुपारी. वासच सांगते."

त्या कधीही ऐकत नसत. हे मी खात्रीने सांगू शकतो, कारण बोर्डाच्या मागे तारांमध्ये डोकं घालून मी तासन् तास बसलेलो असे, आणि त्यांचा खटका वर झाल्याचा टक्क आवाज मला प्रत्येक वेळी ऐकू येई.

पुढचं कळायला तारांबद्दल थोडं सांगावं लागेल. आमच्या स्टोअरमध्ये तीन तऱ्हेच्या तारा होत्या. एक प्लास्टिकच्या वेष्टणाची, रंगीत, घरात-ऑफिसात भिंतीवरून न्यायची. ती उन्हात तडकते, मातीत कुजते. दुसरी काळी, खांबावरून घरापर्यंत लोंबणारी. तिच्यात ताण सोसायला पोलाद असतं. तिसरी जमिनीखालची. वरून शिशाचं कवच, आत तांब्याच्या तारा, आणि प्रत्येक तारेभोवती कागद गुंडाळलेला. होय, साधा कागद. कोरडा असला तर त्याच्यासारखं काही नाही, आणि पाण्याचा थेंब लागला की सगळं संपलं. बोर्डापासून बंगल्यांपर्यंत ही तिसरी केबल गेली होती, वीस जोड्यांची. बंगल्यांच्या कोपऱ्यावर एक लोखंडी डबा होता, तिथून प्रत्येक घरी काळी तार जाई.

जोडी म्हणजे एका फोनच्या दोन तारा. त्या एकमेकींना पिळलेल्या असतात. दोघी सतत जागा बदलत जातात म्हणून शेजारच्या जोडीतला आवाज दोघींवर सारखा पडतो आणि आपोआप पुसला जातो. पीळ मोडला, किंवा एक तार या जोडीची आणि एक त्या जोडीची वापरली, की हा हिशोब बिघडतो. फोन चालतो, घंटी वाजते, बोलणं होतं. फक्त शेजाऱ्याचं बोलणंही ऐकू येतं.

त्या पावसाळ्यात बंगल्यांच्या मागे नाली खोदताना मजुराची कुदळ केबलमध्ये गेली. सगळे बंगले मुके झाले. मॅनेजरसाहेबांकडे त्या संध्याकाळी पाहुणे येणार होते, मुलीला पाहायला. साहेबांचा निरोप आला, पाच वाजायच्या आत फोन चालू पाहिजे.

मी आणि खलाशी खड्ड्यात उतरलो. शिसं सोललं तर आत कागद भिजून लगदा झालेला. गरम मेण ओतून ओल काढायची असते. मेण ओतलं की फेस येतो, फेस थांबला की कागद कोरडा झाला असं समजायचं. तेवढं मी केलं. पण कागदांवरचे रंग धुऊन गेले होते.

केबल सांधणाऱ्या जुन्या जॉइंटरांचा एक नेम होता. पीळ सोडायच्या आधी प्रत्येक जोडीला दोऱ्याची गाठ मारायची. दोघी बांधलेल्या असल्या की कोण कोणाची हे विसरता येत नाही. खलाशाने दोरा काढून हातात धरला.

"गाठी मारून घ्या, बाबू."

"वीस जोड्या आहेत. पाच वाजता साहेब येतील."

"साहेब येतीन अन् जातीन. हे जमिनीत राह्यते."

"तुम्ही मेण पाहा."

त्याने दोरा कानावर अडकवला आणि मेणाकडे वळला. मी पीळ सोडले, तारा पुसल्या, अंदाजाने जोडल्या, वर शिशाची नळी बसवून झोताच्या दिव्याने झाळून बंद केली. पावणेपाच झाले होते.

बोर्डावरून बाई म्हणाल्या, "सगळे चांगले हायेत भाऊ. पण सातवाले फोन उचलते अन् माझ्याकडं आठचा दिवा लागते."

सात म्हणजे मॅनेजरसाहेबांचा बंगला. आठ म्हणजे शेजारचा, स्टोअर ऑफिसरांचा. मला काय झालं ते तत्काळ कळलं. खड्ड्यातल्या जोडात सातची एक तार आठच्या एका तारेशी बदलली गेली होती. याचं औषध एकच, जोड पुन्हा उघडायचा. शिसं वितळवा, नळी सरकवा, तार शोधा, पुन्हा मेण, पुन्हा झाळ. अडीच-तीन तास.

मी ते केलं नाही. मी कोपऱ्यावरच्या डब्याशी गेलो आणि तिथे त्याच दोन तारांची अदलाबदल केली. चुकीवर उलटी चूक. पाच मिनिटांत सातचा दिवा सातवर लागला, आठचा आठवर. जोडापासून डब्यापर्यंत जवळजवळ पाव मैल मात्र सातचा फोन अर्धा आठच्या जोडीतून जात होता, आणि आठचा सातच्या. हे मला माहीत होतं. थोडी खरखर येईल, पुढे कोरड्या दिवसात जोड उघडू, असं मी मनाशी म्हणालो. ते कोरडे दिवस आले, मी जोड उघडला नाही.

मुलगी पसंत पडली. साखरपुडा ठरला. आणि दिवाळीच्या आधी तो मोडला.

मुलीला लहानपणापासून मधूनच झटके येत. औषध चालू होतं, बाहेर कोणाला माहीत नव्हतं. मॅनेजरसाहेबांची बायको याबद्दल फक्त आपल्या बहिणीशी बोलायची, दुपारी, फोनवर. कॉलनीत एका हळदीकुंकवात ही गोष्ट कोणीतरी काढली आणि आठ दिवसांत ती मुलाकडच्यांपर्यंत पोचली. साहेबांनी एकच विचार केला. फोनवरचं बोलणं कोण ऐकू शकतं? जिच्या हातात खटका आहे ती.

बाईंना केबिनमध्ये बोलावलं. बाहेर पडून त्या सरळ माझ्याकडे आल्या.

"भाऊ, साहेब म्हणते मी आयकलं. मी नाही आयकलं."

"मला माहीत आहे."

"तुमाले माहीत असून काय होते? त्यायले माहीत व्हाले पाह्यजे." त्यांनी पदराने कपाळ पुसलं. "मले एक वाटून राह्यलं. सातची लाइन जोडली की कधी कधी मांगं अजून कोणाचा तरी आवाज असते. बारीक. मी खटका वर कराच्या आंधी आयकू येते. तुमी एकदा लाइन तपासून पाहा न. तसं असन तर लिहून द्या. साहेब तुमचं आयकतीन."

साहेबांनी त्यांना चार दिवस दिले होते. शहरातून, बोर्ड ज्यांनी बसवलं त्यांच्याकडून एक इंजिनियर येणार होता. त्याने लायनीत दोष काढला तर बाई सुटणार, नाही तर घरी जाणार.

मी दुपारी टेस्टफोन घेऊन डब्याशी गेलो. आठच्या दोन खिळ्यांवर चिमटे लावले आणि फोन कानाला धरला.

खरखर वगैरे काही नव्हती. मॅनेजरसाहेबांच्या बायकोचा आवाज होता, शेजारच्या खोलीतून यावा इतका स्वच्छ. बहिणीशी बोलत होत्या, रडत होत्या. म्हणाल्या, "त्या टाकलेल्या बाईनं माझ्या पोरीचं वाटोळं केलं. देव तिला कधी सुख देणार नाही." मी ते स्टोअर ऑफिसरांच्या लायनीवर ऐकत होतो. डब्याचं दार धरून मी खाली बसलो. चिमटे काढायचे हेही सुचेना. त्या मुलीचं लग्न, त्या आईचं रडणं, बोर्डापुढे बसलेल्या बाई, सगळं माझ्या हातच्या दोन तारांमुळे होतं आणि जगात ते फक्त मला कळलेलं होतं.

मग मी चिमटे काढून टेस्टफोन गुंडाळला. आता उठून केबिनमध्ये जायचं आणि सांगायचं, एवढंच काम होतं. मी केबिनच्या दारापर्यंत गेलोही. आत साहेब कोणालातरी सांगत होते, "ज्याचा कोणाचा हात यात निघेल तो दुसऱ्या दिवशी गेटच्या बाहेर." मी परत फिरलो.

दुसऱ्या दिवशी खलाशी रजेवर होता. वीस जोड्यांत चार रिकाम्या होत्या. मी सातचा फोन सातच्या जोडीवरून काढला आणि पंधरा नंबरच्या रिकाम्या जोडीवर टाकला, बोर्डाकडे बाई दुपारी जेवायला उठल्या तेव्हा, आणि मग डब्याकडेही. पंधराची जोडी धड होती. मग दोन्ही लायनींवर आळीपाळीने टेस्टफोन लावून पाहिलं. आवाज फुटत नव्हता. सगळ्याला वीस-पंचवीस मिनिटं लागली असतील. हेच मी पहिल्या दिवशी केलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती. रिकाम्या जोडीला हात लावायला वरून लेखी परवानगी लागे, आणि ती मागितली असती तर कारण सांगावं लागलं असतं. आता परवानगीशिवाय केलं.

पुढच्या दिवशी इंजिनियर आला. चांगला माणूस होता, घाई करत नव्हता. आठवर खलाशाला मोठ्याने आकडे म्हणायला लावून सातवर कान देऊन बसला. मग उलट केलं. काहीच ऐकू आलं नाही. जमिनीतला जोड उघडून पाहू का, असं त्याने मला विचारलं. मी म्हणालो, जोडाला काही नाही, मीच केला आहे. त्याने मान डोलावली. तो जोड आजही तिथे मातीत असेल, तसाच चुकीचा.

संध्याकाळी केबिनमध्ये साहेब, इंजिनियर, मी आणि बाई. इंजिनियरने सांगितलं की लाइन निर्दोष आहे. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मीही तेच म्हणालो आणि दोषांच्या वहीत तसंच लिहून सही केली. मग बाई बोलल्या. साहेबांशी नाही, माझ्याशी.

"भाऊ, काल दुपारी सात अन् आठचे दिवे एकाचमांगं एक लागून राह्यले होते, विझून राह्यले होते. कोणी फोन उचलला नव्हता. मी दोन्ही बंगल्यांवर विचारलं. तुमी डब्यावर होते का?"

मला फक्त हो म्हणायचं होतं.

"नाही," मी म्हणालो. "मी स्टोअरमध्ये होतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. हिशोबातली चूक सापडल्यावर माणूस पाहतो तसं. मग साहेबांना म्हणाल्या, "बरं." बोर्डावर जाऊन त्यांनी क्रोशाची पिशवी उचलली, डोक्यावरचा टेलिफोन काढून खुंटीला लावला आणि साडेपाचची एसटी धरली.

महिनाभराने मी आठ नंबरच्या बंगल्यावर घंटी दुरुस्त करायला गेलो. स्टोअर ऑफिसरांची बायको दारात उभी होती. सहज म्हणाली, "एक विचारू का? पूर्वी दुपारी फोन उचलला की शेजारच्यांच्या गप्पा ऐकू यायच्या. हल्ली येत नाहीत. तुम्ही काही केलंत का?"

मला वाटलं आपण ऐकलं ते चुकीचं ऐकलं. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, खरोखर काहीच नव्हतं. नळाला पाणी कमी येतं अशी तक्रार करावी तशी ती बोलत होती. हळदीकुंकवात गोष्ट हिनेच काढली होती, आणि त्यामुळे बोर्डावरची बाई गेली हे तिच्या ध्यानातही आलं नव्हतं. किंवा आलं असेल. मी म्हणालो, "नाही, मी काही केलं नाही." महिनाभरात तीच थाप दुसऱ्यांदा.

मी कायम झालो. क्वार्टर मिळालं. मुलगा झाला.

बाई मला पुन्हा एकदाच भेटल्या, सात-आठ वर्षांनी. तोवर मी तो कारखाना सोडला होता. शहरातल्या लकडगंजात एका ठोक दुकानावर काही कामाने गेलो होतो. मागच्या अंगणात बायका रांगेने बसून मिरचीचे देठ खुडत होत्या. ठसक्याने माझे डोळे भरून आले, त्या मात्र तोंडावर पदर बांधून गप्पा मारत होत्या. त्यांतली एक उठून माझ्याजवळ आली. पदर खाली केला तेव्हा ओळखलं. केस अर्धे पांढरे झालेले, बोटं लाल.

"भाऊ, बरे हाय न? बाळ केवढं झालं?"

मी म्हणालो, "ताई, त्या दिवशी डब्यावर मीच होतो."

"माहीत हाय मले."

"जोडात चूक होती. माझी."

"तेही समजलं होतं. दिवे खोटं सांगत नाही." त्यांनी हात झटकले. मागून एक बाई ओरडली, "कोण वं ते, तुझा जावई?" त्यांनी मागे न पाहता सांगितलं, "जावई असता तर मिरच्या खुडत बसली असती का?" बायका हसल्या. मग त्या हळू आवाजात बोलल्या. नोकरी गेल्याचं त्यांना काही वाटत नव्हतं असं नाही, पण ते त्यांनी काढलंच नाही. गोष्ट भावाची होती. भाऊ म्हणे, दुसऱ्याच्या घरचं ऐकून पोरीचं लग्न मोडणारी बाई माझ्या घरात. वहिनी आपल्या पोरींना त्यांच्याजवळ बसू देत नसे. शेवटी त्या शहरात येऊन एका खोलीत राहिल्या.

"एक काम करा माझं. हे सगळं लिहून द्या एका कागदावर. खाली सही करा. मले साहेबाले नाही दाखवाचं. फक्त भावाले दाखवाचं हाये."

"रविवारी आणून देतो," मी म्हणालो.

"इथंच असतो आमी. मिरची सरत नाही."

त्या रविवारी मी कागद घेऊन बसलो. 'मी खाली सही करणार' एवढं लिहिलं आणि पुढे हात चालेना. लेखी दिलेलं कुठे फिरेल, नव्या ठिकाणी कोणाच्या हातात पडेल, हीच भीती. पुढचा रविवार, मग त्याच्या पुढचा. वर्ष होत आलं तेव्हा मी लकडगंजात गेलो. बायकांनी सांगितलं, ती आजारी पडून गावाले गेली. खापा तिथून फार तर दीड तासाचा रस्ता. मी गेलो नाही. त्यानंतरच्या इतक्या वर्षांत खापा असं नाव लिहिलेली बस दिसली की मी दुसरीकडे पाहत असे.

निळी तार टाकणारा माणूस गेल्यावर मी कागद घेतला आणि एका बैठकीत पुरा केला. वर जे सांगितलं तेच, थोडक्यात. मागच्या आठवड्यात मुलाला न सांगता बसने खाप्याला गेलो. घर विचारत विचारत सापडलं. भाऊ नव्वदीला टेकलेला, ओसरीत खाटेवर बसलेला. कान शाबूत, डोळे गेलेले. मी कोण ते सांगितलं. त्याने कान माझ्याकडे वळवला.

"लाइनवाले का?"

"हो."

"बहीण म्हणे, लाइनवाले येतीन. लिहून आणतीन."

बाई जाऊन तीसेक वर्षं झाली होती. आजारपणात त्या याच घरात होत्या, मागच्या खोलीत. भाऊ सांगत होता. रोज तो त्यांना तेच म्हणायचा, तू ऐकलं नाही तर मग तो लाइनवाला येऊन तसं सांगत काहून नाही? आणि त्या म्हणायच्या, येतीन. दाराशी सायकल थांबली की विचारायच्या, कोण आलं.

मी खाटेच्या कडेला बसून ऐकत होतो. मला वाटत होतं की त्यांनी माझी आशा लकडगंजातच सोडली असेल. आपण विसरलो तर समोरचाही विसरला, असं मी धरून चाललो होतो.

"वाचा," तो म्हणाला.

मी वाचू लागलो. त्याने हात वर करून थांबवलं आणि आतल्या सगळ्यांना हाका मारल्या. सून आली, तिची मोठी मुलगी आली, आणि पन्नाशी उलटलेल्या दोन बाया शेजारच्या घरातून आल्या. त्या त्याच्या लेकी, ज्यांना लहानपणी आत्याजवळ बसू दिलं नव्हतं, गावातच दिलेल्या. सगळ्या उभ्याच राहिल्या. मी पहिल्यापासून वाचलं. नाली, जोड, डबा, दिवे, माझं 'नाही'.

वाचून झाल्यावर धाकटी लेक म्हणाली, "म्हणजे आत्या खरं सांगत होती."

भाऊ म्हणाला, "नाव टाकलं का तिचं?"

मी कागदावर 'ऑपरेटर बाई' असंच लिहिलं होतं. त्याने ते मान्य केलं नाही. सुनेने पेन आणून दिलं आणि मी जिथे जिथे 'ऑपरेटर बाई' होतं तिथे त्यांचं पूर्ण नाव लिहिलं. अकरा ठिकाणी. इथे लिहीत नाही, कारण त्याने सांगितलं, घरात पाह्यजे, गावात नको.

मी निघायला उठलो. त्याने माझं मनगट धरलं. त्याच्या हाताला जोर होता.

"बसा. पुन्हा वाचा आता. नावासहित."

मी बसलो आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.